गौताळ्याच्या रानात पहिल्यांदा जाताना

कन्नड सोडून चाळीसगावच्या दिशेने निघालं की मराठवाड्याचं पठार एका जागी एकदम तुटतं आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. या तुटलेल्या काठावर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ साली जाहीर झालं. काही भाग कन्नड तालुक्यात, काही चाळीसगाव तालुक्यात. पावसाळ्यातले धबधब्यांचे फोटो बघून इथे येणारे पुष्कळ आहेत. पण ते हिरवेपण चार महिन्यांचं असतं. उरलेले आठ महिने हे कोरडं, काटेरी आणि तापणारं रान असतं, आणि नवखा माणूस अडचणीत येतो तो बहुतेक वेळा बिबट्यामुळे नाही, तर संपलेल्या पाण्यामुळे आणि बुडालेल्या सूर्यामुळे.

याचं कारण जमिनीत आहे. खाली काळा बसाल्ट, वर वीतभर माती. पाऊस पडला की पाणी मुरायच्या आत घळीतून निघून जातं. काठाच्या दक्षिणेचं पाणी शिवनेवाटे गोदावरीला जातं, उत्तरेचं गिरणेवाटे तापीला. पाणलोटाचा माथाच इथे असल्यामुळे कुठलाही ओढा मोठा होण्याआधी अभयारण्याबाहेर पडतो. म्हणून दिवाळीला वाहणारा ओढा संक्रांतीला डबक्यांवर येतो आणि होळीपर्यंत नुसते गोटे उरतात. नकाशावर निळी रेघ दिसते म्हणून तिथे पाणी मिळेल, असं धरून चालू नका.

आधी महिना ठरवा

पहिल्या भेटीसाठी नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी. गवत वाळायला लागलेलं असतं, वाटा मोकळ्या होतात, दुपारचं ऊन सोसवतं आणि ओढ्यांच्या कडेला पक्षी भरपूर असतात. सकाळी मात्र चांगली थंडी असते. पहाटे स्वेटर लागतो आणि अकराला तोच ओझं होतो, तेव्हा एक जाड कपडा घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या.

जुलै ते सप्टेंबर रान देखणं असतं, यात वाद नाही. पण तेव्हा वाटा निसरड्या असतात, घळींत पाणी अचानक वाढतं आणि घाटात दरडी येतात. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एका रात्रीच्या पावसाने औट्रम घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला होता. पावसाळ्यात जायचंच असेल, तर सलग दोन दिवस मुसळधार झालेली असताना जाऊ नका. पाऊस थांबल्यावर एक दिवस मध्ये जाऊ द्या.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पानगळीचं रान असल्याने सावली नसते. सागाची पानं वाळून खाली पडलेली, सालई आणि मोईच्या उघड्या फांद्या, आणि तापलेला खडक खालून भाजत असतो. या दिवसांत प्राणी पाणवठ्यांवर दिसतात हे खरं, पण ते बघायचे मचाणावर बसून, चालत नव्हे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणीगणना आणि निसर्गानुभव ठेवतो. उन्हाळ्यात यायचं असेल, तर त्यासाठी आधी नाव नोंदवून या.

मग बाजू निवडा, एकच

सगळ्यांत जास्त बेत इथे फसतात. पितळखोऱ्याची लेणी, गौताळा तलाव, अंतूर किल्ला आणि पाटणादेवी ही चार ठिकाणं नकाशावर जवळजवळ दिसतात, आणि लोक चारही एका दिवसात बसवायला बघतात. मध्ये डोंगराची कडा आहे, हे ते विसरतात. पठारावरून पायथ्याला जायचं, तर घाट उतरून मोठा वळसा पडतो. पहिल्यांदा येताना एका दिवसात एक बाजू घ्या.

पठाराची बाजू म्हणजे मराठवाड्याची. कन्नड हा तळ. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळमार्गे कन्नड साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, एसटी भरपूर. कन्नडहून चाळीसगाव रस्त्याने पुढे जाऊन घाटाच्या अलीकडे कालीमठाच्या दिशेने वळलं की पितळखोऱ्याची वाट लागते. गौताळा तलाव, सीतान्हाणी आणि चंदन नाला यांच्यासाठी वाट वेगळी, कन्नडहून नागदकडे जाणारी. दोन्ही वाटा एका दिवसात होतात, पण पहाटे निघालात तरच.

पायथ्याची बाजू खानदेशातली. चाळीसगाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे आणि तिथून पाटणादेवी अठरा-वीस किलोमीटर. चंडिकादेवीचं जुनं दगडी देऊळ, केदारकुंड, धवलतीर्थ धबधबा, आणि मागे उभी कातळभिंत. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. लेख शके ११२८ चा आहे आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. गणिताची गोडी असलेल्या मुलांना इथे जरूर आणा. नवरात्रात मात्र यात्रेची प्रचंड गर्दी असते. रान बघायचं असेल तर तेव्हा टाळा.

अंतूरला वेगळा दिवस द्या. नागापूरच्या पुढचा कच्चा रस्ता पावसाळ्यानंतर कसा उरला आहे, ते गावात विचारूनच गाडी घाला. कमी उंचीची गाडी असेल तर ती गावात ठेवून चालत जाणं शहाणपणाचं. किल्ल्यावर तलाव आहे, पण त्याचं पाणी पिण्याजोगं नाही.

परवानगी, गाडी, डिझेल

अभयारण्यात शिरण्यासाठी परवानगी आणि शुल्क असतं. तपासणी नाक्यावर माणसांची आणि गाडीची नोंद होते. आधारकार्डाची प्रत जवळ ठेवा. शुल्क आणि बंद-चालूचे दिवस बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी कन्नडच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. तिथेच वाटाड्याही मागा. गावातला पोरगा बरोबर असेल तर कुठल्या घळीत सध्या अस्वलाचा वावर आहे आणि कुठल्या कातळावर आग्या मोहोळ बसलंय हे कळतं. हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही. त्याची दिवसाची मजुरी निघण्याआधी स्पष्ट बोलून घ्या आणि त्याचं जेवण-पाणी आपल्याकडे धरा.

स्वतःची गाडी नसेल, तर कन्नड बसस्थानकाजवळून काळीपिवळी किंवा रिक्षा पूर्ण दिवसासाठी ठरवा. नुसतं सोडायला नको, थांबायलाही सांगा. संध्याकाळी पितळखोऱ्याच्या माथ्यावर उभं राहून गाडीची वाट बघणं परवडणारं नाही, कारण तिथून परतीची सोय नाही आणि मोबाइलची रेंजही भरवशाची नाही.

टाकी कन्नडला भरा. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक गाडीत आहे का, ते घरीच बघा. बाभळीचा आणि खैराचा काटा टायरमध्ये सहज जातो.

पाठीवर काय घ्यायचं

सुरुवात पाण्यापासून. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चपासून पुढे पाच लिटर. उन्हात चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, त्यावरून हा आकडा येतो. पाच लिटर म्हणजे पाच किलो. ते सगळं पाठीवर नको. दोन-अडीच लिटर पाठीवर, बाकीचं गाडीतल्या वीस लिटरच्या जारमध्ये. जार कन्नडलाच भरून घ्या. एकच मोठी बाटली नेऊ नका. ती फुटली किंवा हातातून निसटून दरीत गेली की सगळंच गेलं. एक-एक लिटरच्या तीन बाटल्या घ्या आणि एक बाटली निम्मी वाट होईपर्यंत उघडायची नाही, असं ठरवून ठेवा. निम्म्या वाटेच्या आधी ती उघडावी लागली, तर तिथूनच मागे फिरा. हा नियम गटात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी घासाघीस होत नाही.

नुसतं पाणी पुरत नाही. घामावाटे मीठ जातं, आणि चार तास नुसतं पाणी पीत राहिलं तर डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची पाकिटं माणशी दोन घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मिठाचा अंदाज डोळ्यांनी करू नका, चमचा न्या. मीठ जास्त झालं की फायद्याऐवजी अपाय होतो.

ओढ्याचं पाणी गाळून नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. गत्यंतरच नसेल तर कापडाने गाळा, क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. उन्हाळ्यात मात्र पाणवठ्याला हातच लावू नका. जंगलातले कितीतरी पाणवठे त्या दिवसांत टँकरने भरावे लागतात. तिथे तोंड धुणं, डबे विसळणं, साबण लावणं म्हणजे रात्री येणाऱ्या जनावराच्या तोंडचं पाणी नासवणं आहे.

खायला धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि खजूर. दशमी दुधात भिजवलेली असते, ती दोन दिवस मऊ राहते. दहीभात आणि बटाट्याची भाजी दुपारपर्यंत डब्यात आंबते, ती नको. कुरकुऱ्यांची पाकिटं तर मुळीच नकोत. एक तर तहान वाढते, आणि माकडं ती पाकिटं हातातून ओढतात.

बूट घोट्यापर्यंतचे आणि खाली खाचा असलेले. गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज वाळक्या सागाच्या पानांवर आणि बारीक मुरमावर सरकतात. कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, मातकट किंवा हिरवट. जीन्स ओली झाली की जड होते आणि मांड्या घासते. डोक्याला कानावर येणारा रुमाल किंवा रुंद काठाची टोपी. अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावू नका. मधमाश्यांच्या बाबतीत ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते पुढे येतंच.

बॅटरी माणशी एक, मोबाइलची सोडून. शिट्टी. दहा मीटर दोरी. क्रेप बँडेज दोन. चिमटा काट्यांसाठी. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि आत गेल्यावर मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधत राहिला की दुपारपर्यंत बॅटरी बसते.

दिवस कसा लावायचा: पितळखोऱ्याचं उदाहरण

पहाटे साडेपाचला संभाजीनगर सोडा, म्हणजे सातच्या सुमारास कन्नडला चहा होतो आणि साडेआठपर्यंत तुम्ही पितळखोऱ्याच्या माथ्यावर असता. गाडी वरच राहते. तिथून पायऱ्या दरीत उतरतात. उतरताना काही वाटत नाही. चढताना दुपार झालेली असते आणि त्याच पायऱ्या संपता संपत नाहीत. म्हणून हिशेब उलटा करा. आधी वर यायची वेळ ठरवा, अकरा किंवा फार तर साडेअकरा, आणि त्यातून मागे मोजत उतरा. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा.

खाली ओढा आणि त्याच्या कडेला कोरलेली १४ लेणी. देशातल्या सगळ्यांत जुन्या लेण्यांपैकी ही आहेत, इसवी सन पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातली, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधीची. घाईने बघून निघू नका. मुख्य विहाराच्या दाराजवळ पायऱ्यांच्या बाजूला हत्तींची रांग कोरलेली आहे, आणि जवळच पाच फण्यांचा नाग. डोंगरात मुरलेलं पाणी खडकातून खोदलेल्या झाकलेल्या नळीने आणून या नागाच्या फण्यांतून बाहेर सोडलेलं होतं. वरून गळणारं पाणी लेणं पोखरणार, हे तेव्हाच्या पाथरवटांना ठाऊक होतं. तरी इथला खडक ठिसूळ निघाला आणि पुढचा बराच भाग ढासळून दरीत गेला. चैत्यगृहातल्या खांबांवर नंतरच्या काळातली रंगीत चित्रं अजून आहेत, आणि खांबांवरच्या कोरीव लेखांत पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याचं दान वाचायला मिळतं. खांबाला टेकू नका, फ्लॅश मारू नका. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती, जिच्या हातावर ती कन्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं कोरलेलं आहे, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हाच ठिसूळ खडक आजही पडतो. पाऊस चालू असताना किंवा नुकता थांबलेला असताना कपारीखाली आसऱ्याला उभं राहू नका. ताजे, न काळवंडलेले दगड खाली पडलेले दिसले की वरचा भाग सुटा आहे असं समजा. ओढ्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं वाहत यायला लागली, तर डोक्यावर ऊन असलं तरी लगेच पायऱ्यांकडे निघा. वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळलेला असतो आणि लोंढा काही मिनिटांत पोचतो. धवलतीर्थालाही हीच खूण लागू. धबधब्याखालच्या कुंडात उतरूच नका. तळाच्या खडकांच्या फटीत पाय अडकतो आणि पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

वर आल्यावर सावलीत जेवा आणि एक ते तीन चालू नका. साडेतीननंतर गौताळा तलावाकडे जाता येतं. सूर्यास्ताआधी नाक्याबाहेर पडायचं असतं. हिवाळ्यात सहाला अंधारतं, तेव्हा पाचला परतीला लागा.

जनावरं दिसावीत म्हणून, आणि दिसल्यावर

इथे बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, कोल्हा, नीलगाय, चिंकारा, भेकर, मोर आहेत. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघही इथल्या कॅमेऱ्यात आला होता. पण ही जीपमधून वाघ दाखवणारी जागा नाही. बऱ्याच लोकांना दिवसभरात नीलगाय आणि मोर दिसतात, आणि ते हिरमुसतात. त्यांनी धुळीकडे बघायला शिकावं. ओढ्याकाठच्या मऊ मातीत सकाळच्या तिरप्या उन्हात ठसे उठून दिसतात. गोल ठसा, नखं उमटलेली नाहीत, मागच्या गादीला तीन फुगवटे, तर तो बिबट्या. नखं उमटलेली असतील आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असेल, तर तरस. वारूळ फोडून खोल खड्डा केलेला दिसला आणि माती अजून ओलसर असली, तर अस्वल जवळपास असू शकतं. तिथे फोटो काढत बसू नका.

सगळ्यांत जास्त जपायचं ते अस्वलाला. त्याची नजर कमी, ते खाण्यात दंग असतं, आणि अचानक समोर आलं की घाबरून हल्ला करतं. सीताफळं आणि बोरं पिकतात त्या दिवसांत, सकाळी लवकर आणि दिवेलागणीला, झुडपांतून जाताना हलक्या आवाजात बोलत चला, म्हणजे त्याला चाहूल लागते. दिसलंच तर पळू नका, दगड मारू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. लहान मुलांना मधे ठेवा. बिबट्या बहुधा स्वतःच निघून जातो. त्याच्यासमोर वाकू किंवा बसू नका, मुलाला उचलून घ्या.

आग्या मोहोळ. कातळाच्या कपारींत आणि किल्ल्यांच्या कमानींखाली काळसर, लोंबते पोळे दिसतील. धूर, तीव्र वास, दगड आणि आरडाओरडा या चार गोष्टींनी माश्या उठतात. म्हणून बिडी-सिगारेट नको, अत्तर नको. उठल्याच तर उपरण्याने किंवा सदऱ्याने तोंड-डोकं झाकून सरळ पळा, गाडीत शिरा, काचा बंद करा. हात झटकू नका. पाण्यात उडी मारू नका, कारण त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखाने खरवडून लगेच काढा. ओठ सुजले, धाप लागली, अंगभर गांधी उठल्या तर वेळ न घालवता दवाखाना.

आग पेटवणं, दारू, स्पीकर, झाडपाला तोडणं, दगड-शिंगं उचलणं इथे चालत नाही, आणि यातलं बरंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्ह्यात जातं. ड्रोनही परवानगीशिवाय नाही. मार्चमध्ये वाळक्या गवतात पडलेलं एक थोटूक डोंगर जाळायला पुरतं, आणि त्या आगीत सरपटणारे जीव आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी पहिल्यांदा जातात.

काही झालंच तर

उन्हाचा झटका: माणूस असंबद्ध बोलतो, अडखळतो, अंग तापलेलं असतं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, विशेषतः मान, काखा आणि जांघा. शुद्ध पुरती नसेल तर तोंडात पाणी घालू नका. या वेळी प्यायचं पाणी अंगावर ओतायला कचरू नका.

साप: दगडाळ भागात फुरसं असतं, लहान आणि मातीच्या रंगाचं. दगड उचलताना आणि बसताना आधी बघा, कपारीत हात घालू नका. चावल्यास कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हातातली अंगठी-कडं काढा, पाय किंवा हात काठीला बांधून हलू देऊ नका, आणि उचलून गाडीपर्यंत न्या. कन्नड किंवा चाळीसगाव, जे जवळ असेल तिथलं सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय, मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

वाट चुकली: ओढ्यातून खाली उतरू नका, कारण इथले ओढे कड्यावर संपतात. आलात त्याच वाटेने शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत या, उंच जागी रेंज बघा, शिट्टी तीन-तीनदा वाजवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, वनविभागासाठी १९२६. हे तीन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. घरच्या एका माणसाला कुठली बाजू आणि किती वाजता बाहेर पडणार, हे निघण्याआधीच सांगा.

घरी आल्यावर कपडे बाहेरच झटका. कुसळं मोज्यांत रुतलेली असतात, आणि गोचिडी गुडघ्यांच्या मागे, कमरेला, काखेत चिकटतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडेपेटी लावू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली असलेला डाग दिसला, तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. हा स्क्रब टायफस असू शकतो. तो गोचिडीमुळे नाही, तर गवतातल्या अगदी बारीक माइट किड्यांच्या अळ्या चावल्याने होतो, आणि वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.